भायली-सेवासीच्या सोसायट्यांच्या कारभाऱ्यांना पाण्याविषयी खुले पत्र

प्रति,
बडोद्याच्या भायली, सेवासी, बिल आणि अटलादरा परिसरातील सोसायट्यांचे प्रमुख, मंत्री (म्हणजे सचिव) आणि कारभारी मंडळांवर काम करणारी सर्व मराठी मंडळी,

स. न. वि. वि.

येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी बहुतेकांच्या सोसायट्यांच्या वार्षिक साधारण सभा आहेत. ओळखीच्या पाच-सहा सोसायट्यांच्या सभेच्या नोटिसा मी मुद्दाम मागवून वाचल्या. लिफ्टचा करार, पार्किंगचे पट्टे, कॅमेरे, गणपती आणि नवरात्राची वर्गणी असे सगळे विषय त्यांत आहेत, पण पाणी मात्र फक्त हिशेबाच्या पानावर, ‘टँकर खर्च’ या एका ओळीत आढळते. हे पाणी प्यायला योग्य आहे का, आणि नसेल तर कोणामुळे, हा प्रश्न एकाही नोटिशीत नाही. तो यंदाच्या सभेत विषय क्रमांक लावून घ्यावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र आहे. हेच म्हणणे मी आमच्या सभेत गुजरातीत मांडले होते आणि ‘बेन, आवता वर्षे जोईशुं’ (बाई, पुढच्या वर्षी पाहू) या उत्तरावर ते संपले, म्हणून आता घरच्या भाषेत, जरा सविस्तर आणि उघडपणे लिहीत आहे.

मी दांडिया बाजारातल्या एका वाड्यात वाढले, एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर भायलीला राहायला आले. आमच्या आजीच्या तोंडी ‘आजव्याचं पाणी’ हा शब्द जरा अभिमानानेच येत असे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८५ साली, शहराच्या पूर्वेला सूर्या नदीवर आजव्याच्या मातीच्या बांधाचे काम सुरू झाले आणि १८९२ साली ते पाणी बडोद्यात आले. तोवर बडोदे विहिरी आणि तळ्यांवर जगत होते, आणि त्यातले बरेचसे पाणी वस्तीच्याच सांडपाण्याने नासलेले असे. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावासाठी वस्तीपासून कोसांवर असलेले पाणलोट निवडून तेथून उताराने पाणी आणण्यामागचा विचार सरळ होता: प्यायचे पाणी आणि माणसांची घाण यांच्यामध्ये अंतर राहिले पाहिजे. आजच्या आपल्या भागाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, कारण ते अंतर आपण पुन्हा फूट-दीड फुटावर आणून ठेवले आहे.

शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेसतरा लाखांच्या जवळ होती. त्यानंतर ते मुख्यतः पश्चिमेकडे वाढले आणि २०२० साली भायली, सेवासी, बिल, उंडेरा, करोडिया, वेमाली व वडदला ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आजव्याच्या जोडीला मही नदीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथील फ्रेंच विहिरींचे (नदीच्या वाळूत आडव्या नळ्या घालून पाणी गोळा करणाऱ्या विहिरींचे) पाणी आणि नर्मदेच्या कालव्याचे पाणी आता शहराला मिळते. ते कुठून आणावे, किती शुद्ध करावे, नवी टाकी कुठे बांधावी हे आपण ठरवत नाही, आणि त्याबद्दलची रास्त गाऱ्हाणी वेगळ्या दाराशी नेण्याची आहेत. मी आपल्याला लिहिते आहे ते रस्त्यातल्या जोडणीपासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंतच्या शे-दोनशे फुटांविषयी आणि आपल्या प्लॉटच्या खालच्या जमिनीविषयी. येथे दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नाही. कुलूप, किल्ली आणि चेकबुक आपल्या मंडळाकडे असते.

आमच्याच सोसायटीत घडलेली गोष्ट सांगते. एका जुलैमध्ये आठ दिवसांत आमच्या दोन विंगांतली चौदा माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, आणि त्यात एक पहिलीतली मुलगी तीन दिवस सलाईनवर होती. सगळ्यांचा एकमुखी निष्कर्ष असा की वरून पाणीच खराब येते. माझ्याकडे शिकवण्याच्या काळातला क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तपासण्याचा संच, पडून होता. सकाळी पाणी आल्यावर मी रस्त्यालगतच्या जोडणीचे पाणी परीक्षानळीत घेतले आणि त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असल्यास पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले. पहिल्या मिनिटाच्या पाण्याला काहीच रंग आला नाही, पण दहा मिनिटांनंतरचे पाणी लिंबाच्या सरबतासारखे फिकट पिवळे झाले, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक होते. (ओटीचे पाणी मोरीत ओतावे आणि नळी धुवावी. ते रसायन पोटात जाऊ देऊ नये.) भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे. त्याच दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी घेतले, तर त्यात रंगाचा मागमूसही नव्हता. मग त्याच पाण्याने हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली भरली आणि डब्यांच्या फळीवर साखरेच्या बरणीशेजारी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाटली शाईसारखी काळी झालेली होती. ज्यांना ही चाचणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की बाटली काळी पडणे ही मलातून येणारे जिवाणू पाण्यात असल्याची धोक्याची खूण मानली जाते.

तेव्हा आम्ही तळटाकी उघडायला गेलो. झाकण पार्किंगच्या फरशीच्या बरोबर पातळीला होते आणि त्याचा एक कोपरा कधीतरी गाडीच्या चाकाखाली तुटलेला होता. त्या भगदाडावर कोणीतरी प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर वीट ठेवली होती. सकाळी सहा ते आठ या वेळात त्याच जागेशेजारी गाड्या धुतल्या जातात आणि त्या पाण्याची ओहळ बरोबर विटेखालून आत जाते, हे मी उकिडवी बसून दहा मिनिटे पाहिले. टाकीच्या भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर ड्रेनेजचे चेंबर होते, त्या पावसात तुंबलेले. टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद मागितली तेव्हा मंत्रीसाहेबांनी फाइल चाळली आणि त्यांना गेल्या चार वर्षांत टाकी धुतल्याचे एकही बिल सापडले नाही. मी स्वतः त्यातली दोन वर्षे कारभारी मंडळावर होते, तेव्हा हा दोष माझ्याही नावावर आहे.

आता त्या पहिल्या मिनिटाच्या पाण्याकडे येते, कारण माझ्या मते सर्वांत मोठे दुखणे तेथे आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून थोडा वेळ येते आणि उरलेला सगळा वेळ लाइन दाबाविना पडून असते. पाइपाचे सांधे कुठे ना कुठे गळके असतातच. दाब असतो तेव्हा तेथून पाणी बाहेर झिरपते, आणि दाब गेला की भोवतालच्या ओल्या मातीतले पाणी त्याच वाटेने आत येते. आपल्या भागात रस्ते एकाच वेळी पाण्यासाठी, ड्रेनेजसाठी आणि केबलसाठी खणले गेले आहेत, काही ठिकाणी जुने खाळकुवे (सांडपाण्याचे शोषखड्डे) बुजवले न जाता तसेच रस्त्याखाली गेले आहेत, तेव्हा ती ओल कसली असते ते वेगळे सांगायला नको. हे एवढ्यावर थांबत नाही. पाणी यायची वेळ झाली की टेनामेंट आणि ड्युप्लेक्सच्या रांगांतून एकामागून एक पाणी ओढायच्या मोटारी सुरू होतात, त्यातल्या कितीतरी थेट लाइनीवर बसवलेल्या असतात. अशी मोटार शेजाऱ्याचे पाणी ओढते हे सर्वांना ठाऊक आहे आणि भांडणेही त्यावरूनच होतात. तिने लाइनीत पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी प्रत्येक गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत खेचते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. मोटारवाल्याला पाणी लवकर मिळते, त्याच्याबरोबर घाणही लवकर मिळते, आणि त्याच्या पुढच्या दहा घरांना नुसती घाण मिळण्याचीही शक्यता असते. पाणी आपल्या दाबाने तळटाकीत पडावे आणि मोटारीने ते टाकीतून उचलावे, एवढीच साधी पद्धत आहे. जेथे दाब इतका कमी आहे की पाणी टाकीतही पडत नाही, तेथे टाकी जमिनीखाली आणखी उतरवावी लागेल किंवा दाबासाठी एकत्र अर्ज करावा लागेल, पण लाइनीवरची मोटार हा त्यावरचा उपाय नव्हे.

येथे टीडीएसच्या पेनाविषयी लिहिणे भाग आहे. आपल्या भागात घरटी एक आरओ मशीन आहे आणि ते बसवायला येणारा मुलगा पेन बुडवून आकडा दाखवतो. आकडा लहान म्हणजे पाणी चांगले, ही समजूत त्यातून इतकी घट्ट झाली आहे की, आमच्या साथीच्या वेळी एका सुशिक्षित गृहस्थांनी मला पेन दाखवून ‘ताई, एकशे ऐंशीच आहे’ म्हणून वाद घातला. ते पेन पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्याची मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जिवाणूंबद्दल ते काहीही सांगत नाही. पिंपभर स्वच्छ पाण्यात तांब्याभर गटाराचे पाणी मिसळले, तर त्या आकड्यात फारसा फरक दिसणार नाही. महीच्या किंवा नर्मदेच्या पाण्याला क्षारांसाठी आरओची गरजच नसते. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओचा वापर थांबवावा असे सांगितले होते, ते याच नासाडीमुळे. एक लिटर पाणी पिण्यासाठी काढताना दोन-तीन लिटर मोरीत जाते, आणि उन्हाळ्यात हेच आपण टँकरने विकत घेतलेले असते. टँकरचे पाणी कुठल्या बोअरचे, त्यात क्लोरीन घातले होते का, हे विचारणारी सोसायटी मला अजून भेटलेली नाही.

बोअरकडे वळते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवारात एक तरी बोअर आहे, काही ठिकाणी तीन-तीन आहेत. बोअर आपल्या पैशाने मारला, म्हणून खालचे पाणीही आपले, असा एक समज आहे, पण पाण्याला कंपाउंडची भिंत समजत नाही. मोठ्या आवारांत बांधकामाची परवानगी घेताना पावसाचे पाणी जिरवण्यासाठी परकोलेटिंग वेल, म्हणजे आपल्या भाषेतला खंभाती कुवा, दाखवलेला असतो. काही ठिकाणी तो नकाशातच आहे. जेथे तो प्रत्यक्षात आहे, त्यातल्या एका ठिकाणी मी जे पाहिले त्यामुळे माझी दोन रात्री झोप उडाली. सोसायटीचे नाव लिहीत नाही. पावसाळ्यात ड्रेनेज तुंबते म्हणून तेथे तळमजल्याच्या न्हाणीघरांचा आणि धुण्याच्या जागेचा पाइप त्या कुव्यात सोडून दिलेला होता. प्लंबरला ती युक्ती वाटली आणि मंडळाला ती स्वस्त वाटली.

जमिनीवर सांडलेले घाण पाणी वरच्या काही मीटर मातीतून हळूहळू उतरते, तेव्हा ती माती बरेच काही गाळते, त्यातले जिवाणू बऱ्याच प्रमाणात अडतात आणि मरतात. खंभाती कुवा हा मातीचा थर मुद्दाम ओलांडून पाणी खालच्या वाळूत लवकर पोहोचावे म्हणूनच खणलेला असतो. त्यात घाण सोडणे म्हणजे गाळणीला बगल देऊन घाण सरळ माठात ओतणे आहे. त्याच वाळूतून शेजारचा बोअर पाणी उचलतो. जिवाणू काही काळाने मरतीलही, पण सांडपाण्यातून येणारे नायट्रेट तसेच राहते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ते पाणी उकळून जात नाही, उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. बोअरच्या पाण्यात दूध कालवणाऱ्या किती तरुण आयांना हे माहीत असेल, याची मला शंका आहे. खंभाती कुव्यात फक्त गच्चीचे पाणी जावे, तेही पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून आणि वाळू-खडीच्या गाळणीतून. बडोद्यात वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटर गच्चीवरून, वीस टक्के सोडून दिले तरी, सत्तर हजार लिटरच्या वर स्वच्छ पाणी खाली जाऊ शकते. पार्किंगमधले तेलकट पाणी त्यात वळवू नये.

एकदा नासलेले भूजल म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आपल्या शेजारच्या पादरा तालुक्यातून जातो, आणि त्या तालुक्यातल्या काही गावांच्या बोअरमधून लालसर पाणी निघाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यामागची कारणे आणि जबाबदाऱ्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, त्यांची आपल्या पाइपाशी तुलना करत नाही. जमिनीखालचे पाणी नासायला जेवढा वेळ लागतो त्याच्या अनेकपट वेळ निवळायला लागतो, एवढी एकच गोष्ट त्या गावांकडून घ्यावी. सेवासीची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १५४३ सालची आहे. ती बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत माणसाला पायऱ्या उतरून जायला लावले, त्यामुळे पाणी किती खाली गेले आणि कसे दिसते हे रोज डोळ्यांना कळत होते. आपला बोअर लोखंडी झाकणाखाली असतो आणि मोटार कोरडी फिरू लागली की मगच आपल्याला कळते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा शहरात आणि आसपास असंख्य तळटाक्या पुराच्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही फर्निचर वाळवले, गाड्यांच्या विम्याचे दावे भरले, चिखल उपसला. टाकी मात्र अनेकांनी नुसती रिकामी करून पुन्हा भरली. तळाला बोटभर गाळ राहिला की त्यात घातलेले क्लोरीन तो गाळच खाऊन टाकतो, म्हणून आधी घासणे आणि मग क्लोरीन, असाच क्रम लागतो. प्रमाणही अवघड नाही: हजार लिटरला साधारण आठ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे वीस हजार लिटरच्या टाकीला १६० ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत घालावे आणि निदान अर्धा तास थांबून ओटीने पाहावे. पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर निघून जातो, तेव्हा गेल्या वर्षीची पिशवी वापरून समाधान मानू नये. पुराच्या निमित्ताने आणखी एक, जरा कटू गोष्ट: मासिया कांसासारख्या जुन्या ओढ्यांवर भराव पडले, तेव्हा त्या जागी उभ्या राहिलेल्या घरांच्या किल्ल्या आपल्यापैकीच काहींनी पेढे वाटून घेतल्या आहेत. ते आता उलटत नाही. निदान जेथे कांस अजून उघडा आहे, तेथे सोसायटीचा राडारोडा टाकायला ट्रॅक्टरवाल्याला सांगू नये.

माझे मागणे एवढे आहे. सभेत एक ठराव असा व्हावा की लाइनीवर थेट बसवलेली प्रत्येक मोटार एका महिन्याच्या आत काढली जाईल. तो सर्वांना एकाच दिवशी लागू करावा, कारण पहिल्याने काढायची हिंमत कोणी करणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. तळटाकीचे झाकण फरशीपासून निदान फूटभर उंच ओट्यावर घ्यावे. त्याला येणारा खर्च गेल्या वर्षी आपण दिव्यांच्या माळांवर केलेल्या खर्चापेक्षा कमी भरेल. टाकी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, धुवावी आणि त्याची तारीख नोटीस बोर्डावर लावावी. खंभाती कुव्यात कोणकोणते पाइप उतरतात ते प्लंबरच्या सांगण्यावरून मान्य करू नये. मंडळातल्या दोन माणसांनी रंगीत पाणी सोडून ते स्वतः पाहावे. बोअरच्या पाण्याची नायट्रेट आणि जिवाणूंसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, आणि अहवाल वाईट आला तर तो फाइलमध्ये न पुरता सभासदांना दाखवावा. फ्लॅटची किंमत पडेल म्हणून अहवाल लपवल्याचे एक उदाहरण मला माहीत आहे. त्या इमारतीत आजही लहान मुले राहतात.

‘सगळ्यांनी केले तर आम्हीही करू’ हे उत्तर मला अपेक्षित आहे. म्हणून आमच्या सोसायटीपासून सुरुवात केली आहे: झाकण वर घेतले, टाकी धुतली, आणि आमच्या रांगेतल्या सहा मोटारींपैकी चार निघाल्या आहेत. उरलेल्या दोघांशी बोलणे चालू आहे आणि त्यातले एक माझे सख्खे मावसभाऊ आहेत.

ओटीचे द्रावण आणि चाचणीच्या तीस बाटल्या मी आणून ठेवल्या आहेत. ज्या मंडळाला हवे असेल त्यांनी आपल्या नोटिशीत विषय घालावा आणि पाणी येण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी दोन माणसे माझ्याबरोबर द्यावीत. एक बाटली रस्त्याच्या जोडणीची, एक तळटाकीची, एक बोअरची आणि एक शेवटच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची भरू, आणि त्या चारही बाटल्या सभेच्या दिवसापर्यंत आपल्या प्रमुखांच्याच घरी फळीवर ठेवू.

आपली नम्र,
भायलीतील एक रहिवासी
(निवृत्त अध्यापिका, रसायनशास्त्र)